नाका चुकवणारी साखर

पूर्व आफ्रिकेत जमिनीखाली बोगदे करून राहणारा एक उंदीर आहे, नेकेड मोल-रॅट. अंगावर केस जवळजवळ नाहीतच, गुलाबी सुरकुतलेली कातडी, पुढे आलेले दात. दिसायला अगदी बापुडवाणा. पण २०१७ साली संशोधकांनी त्याला ऑक्सिजन अजिबात नसलेल्या हवेत ठेवलं, तर तो १८ मिनिटं तगला! हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे २०० वरून ५० वर उतरले, आणि हवा मिळताच गडी पुन्हा हिंडायला लागला. एरवीचा उंदीर तिथे जेमतेम मिनिटभर टिकतो.

त्यामागचं कारण तर मला आणखी विलक्षण वाटलं. त्या १८ मिनिटांत त्याच्या रक्तात फ्रुक्टोज वाढलं होतं आणि मेंदू-हृदय त्यावर तग धरून होते. फ्रुक्टोज म्हणजे फळांतली, मधातली साखर. आपण चहात घालतो त्या साखरेतही निम्मं फ्रुक्टोज असतं, निम्मं ग्लुकोज.

ग्लुकोज जाळताना पेशीत वाटेवर एक नाका लागतो. ऊर्जा पुरेशी असली की नाका मिटतो, आम्लता वाढली तरी मिटतो. ऑक्सिजन संपल्यावर नेमकी आम्लता वाढते, आणि ग्लुकोज अडकून पडतं. फ्रुक्टोज आडवाटेने येऊन नाक्याच्या पुढे रस्त्याला लागतं. गुदमरणाऱ्या त्या जिवाला हीच आडवाट तारते.

आणि हीच आडवाट आपल्या यकृतातही आहे.

फरक इतकाच, की आपण गुदमरत नसतो. पोट भरलेलं असतं, ऊर्जा भरपूर असते, तरी फ्रुक्टोजला ‘आता पुरे’ म्हणणारं कुणी नसतं. फ्रुक्टोकायनेज नावाचं विकर दिसेल त्या रेणूला फॉस्फेट चिकटवत सुटतं. तो फॉस्फेट येतो पेशीच्या एटीपीमधून, म्हणजे तिच्या रोख रकमेतून. एकदम खूप फ्रुक्टोज आलं की ही रोकड झपाट्याने घटते आणि तिच्या मोडतोडीतून युरिक अॅसिड तयार होतं. पुढे जास्तीच्या मालाची चरबी बनते. काही थेंब यकृतातच साचतात, काही ट्रायग्लिसराइड होऊन रक्तात उतरतात. हे वर्षानुवर्षं चाललं की यकृत इन्सुलिनला दाद देईनासं होतं. दारूचा थेंबही न घेतलेल्या माणसाचं यकृत चरबीने भरतं, त्यामागच्या कारणांपैकी हे एक.

मग फळं खायची नाहीत? खायची, बिनधास्त! यकृताच्या आधी आतडं उभं आहे. २०१८ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात दिसलं, की थोडं थोडं फ्रुक्टोज आलं तर त्यातलं बहुतेक लहान आतडंच निस्तरतं. लोंढा आला की उरलेलं यकृताकडे वाहून जातं. सफरचंद चावून खायला वेळ लागतो, त्यातल्या चोथ्यामुळे साखर हळूहळू सुटते, आणि दुसरं खायची इच्छाही राहत नाही.

रसवंतीवर मात्र याच्या उलट घडतं. घुंगरं वाजतात, आलं-लिंबू घालून ऊस चरकात जातो, चोथा मागच्या ढिगात पडतो आणि फेसाळता पेला हातात येतो. २०० मिलिलिटरच्या त्या पेल्यात साधारण पंचवीस-तीस ग्रॅम साखर, आणि आपण ती दोन मिनिटांत संपवतो. जागतिक आरोग्य संघटना अशी साखर, शक्य झाल्यास, दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपासच ठेवा म्हणते. कधीतरी उन्हातून आल्यावर प्यायलेल्या पेल्याचं मला भय वाटत नाही. रोजच्या बाटलीबंद सरबतांचं आणि कोल्ड्रिंकचं वाटतं. आणि गूळ घातला म्हणून यकृत फसत नाही. गुळातही मुख्यतः तीच उसाची साखर असते.

काही मोजकी माणसं यकृतात चालणारं फ्रुक्टोकायनेज नसतानाच जन्माला येतात. त्यांचं यकृत फ्रुक्टोजला हातच लावू शकत नाही. काही फ्रुक्टोज लघवीवाटे निघून जातं, बाकीचं इतर पेशी सावकाश वापरतात. इतकं महत्त्वाचं विकर नाही म्हटल्यावर ती आजारी पडत असतील असं वाटेल. पण त्यांना ना औषध लागतं, ना पथ्य. एखाद्या वेळी दुसऱ्याच कारणाने लघवी तपासली, तर त्यात ही साखर सापडते, एवढंच.