बुलेटचा आवाज, सायलेन्सर आणि आपली मुले



आपल्या शहापूर-मुरबाड भागात दहावी-बारावीच्या मुलांना "मोठेपणी काय घेणार?" असे विचारा. निम्म्या वर्गातून एकच उत्तर येते: बुलेट! आणि बुलेट घेतली की पहिला खर्च कशावर? सायलेन्सरवर. कंपनीचा काढायचा आणि पंजाब किंवा इंदोरी लावायचा, नाहीतर आतली पुंगळी काढून टाकायची. परदेशात जुन्या स्पोर्ट्स कारचे शौकीन नेमके हेच करतात. गाडी वेगळी, हौस तीच: आवाज भारदस्त हवा आणि मागून नळी चकाचक दिसायला हवी.

मुलांना नुसते "हे वाईट आहे" म्हणून भागत नाही. ती ऐकतात आणि सोडून देतात. पण हा आवाज येतो कुठून, सायलेन्सरच्या आत काय असते, ते काढले की काय होते, हे समजावून सांगितले तर मुले कान देऊन ऐकतात. नववीच्या विज्ञानात ध्वनीचा अभ्यास आहेच. त्याला जोडून हा विषय घेता येतो.

१) धडधड येते कुठून?

बुलेट भारतात १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली. जुन्या ३५० सीसी बुलेटला एकच सिलिंडर. त्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि आतल्या दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. इंजिन चार स्ट्रोकचे, म्हणजे क्रँक दोनदा फिरला की एकदा स्फोट. प्रत्येक स्फोटानंतर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि दाबाखालचा गरम धूर एकदम नळीत घुसतो. तो धक्का म्हणजेच आपण ऐकतो तो ठोका.

आता फळ्यावर गणित करा. गाडी उभी आहे, इंजिन मिनिटाला १००० फेरे घेते आहे. ठोके किती? १००० भागिले २, म्हणजे मिनिटाला ५००. सेकंदाला साधारण ८. आपल्या कानाला सेकंदाला सुमारे २० कंपनांपासून पुढे सलग सूर ऐकू येतो. त्याखाली ठोके सुटे सुटे कळतात. म्हणून बुलेट "धड-धड" करते. चार सिलिंडरची कार ३००० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला १०० ठोके होतात. ते एकमेकांत मिसळतात आणि आपल्याला गुणगुण ऐकू येते.

एखादा चुणचुणीत मुलगा विचारेलच, "सर, शंभर सीसीच्या गाडीलापण एकच सिलिंडर असतो, ती का धडधडत नाही?" प्रश्न बरोबर आहे. तिचा सिलिंडर लहान, म्हणून प्रत्येक धक्का लहान. शिवाय तिचे इंजिन जास्त फेऱ्यांवर चालते, म्हणून ठोके जवळजवळ येतात.

२) सायलेन्सरच्या पोटात काय असते?

बाहेरून एक नळकांडे दिसते, पण आत खोल्या असतात. अरुंद नळीतून आलेला धूर मोठ्या खोलीत पसरला की त्याचा दाब एकदम उतरतो. मग भोकांच्या नळीतून, आडव्या पडद्यांमधून तो पुढच्या खोलीत जातो. ध्वनिलहरी भिंतींवर आपटून परत फिरतात आणि पुढून येणाऱ्या लहरींना काही प्रमाणात खोडून काढतात. काही सायलेन्सरमध्ये काचतंतूंचे अस्तरही असते. ते तीव्र, कर्कश आवाज शोषून घेते. म्हणजे धूर बाहेर पडतो, पण धक्का आतच मोडतो.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांमध्ये धुराच्या मार्गात विषारी वायू कमी करणारा उत्प्रेरक असतो, आणि ऑक्सिजन मोजणारा सेन्सरही. म्हणजे नव्या गाडीचे हे धुराचे नळकांडे आवाजाबरोबर धूरही सांभाळते.

३) पुंगळी काढली की काय होते?

पडदे गेले, खोल्या गेल्या. धक्का सरळ बाहेर. आवाज मोठा झाला की गाडी जोरात पळते असे वाटते. पण वाटणे वेगळे आणि पळणे वेगळे. इंजिनात हवा किती येते, पेट्रोल किती येते आणि धूर किती सहज बाहेर जातो, या तिन्हींचा मेळ कंपनीने बसवलेला असतो. फक्त शेवटची नळी बदलून ताकद विशेष वाढत नाही. उलट हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले तर इंजिन जास्त तापते.

आणि ते "फटाके" फोडणे? चालू गाडीची चावी क्षणभर बंद करतात. ठिणगी थांबते, पण इंजिन फिरतच असते. न जळलेले पेट्रोल गरम नळीत जाते. चावी पुन्हा चालू केली की ते नळीत पेटते आणि फाटकन आवाज येतो. जो स्फोट सिलिंडरमध्ये व्हायचा तो नळीत झाला. त्यात पेट्रोल वाया जाते आणि उत्प्रेरक असेल तर तो जळून खराब होतो. गाडीवर प्रेम करणारा माणूस असे कधी करणार नाही, हे मुलांना जरूर सांगा.

४) वर्गात काय होते?

आपल्या कितीतरी शाळा रस्त्याला लागून आहेत. शहापूर-किन्हवली रस्ता घ्या, कल्याण-मुरबाड-माळशेज मार्ग घ्या, नाहीतर मुंबई-नाशिक महामार्ग घ्या. पावसाळ्यात शनिवारी-रविवारी माळशेजकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, आणि शनिवारी सकाळी आपली शाळा असते. खिडक्या उघड्या, वर पत्रे.

डेसिबल हे माप साधे बेरजेचे नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता १० पट होते, २० वाढले की १०० पट. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. ही चाचणी ७.५ मीटरवरून घेतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की साधारण ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे १५ मीटरवर ७४, ३० मीटरवर ६८. आता समजा, सायलेन्सर बदलून आवाज १० डेसिबलने वाढला. मग ३० मीटरवरच्या वर्गातही ७८ ऐकू येणार. साधे बोलणे ६० च्या आसपास असते. बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचणारच नाही.

आवाज दहा सेकंदांत निघून जातो, पण वाक्य तुटते ते तुटतेच. पहिली-दुसरीची मुले अक्षरांचे आवाज कानानेच शिकतात. "ट" आणि "ठ" मधला फरक त्या गोंगाटात हरवतो. घरी कातकरी किंवा ठाकरी बोलणाऱ्या मुलाला शाळेची मराठी आधीच नवी असते. त्याला तुटलेले वाक्य मनात जोडून घेता येत नाही. ज्याला कमी ऐकू येते त्याची तर गोष्टच नको.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, रुग्णालये, न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरचे शांतता क्षेत्र जाहीर केलेले असेल तर तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६.

५) कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर बंधनकारक करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे आवाजाची मर्यादा मोडल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना अपात्र. गाडीत परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. जागेवर भरायची तडजोड रक्कम वेगळी असते, पण कायद्यातली तरतूद ही आहे. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले, त्या बातम्या मुलांनीही पाहिल्या आहेत.

पालकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देऊन गुन्हा घडला तर कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही. ज्या मुलाला उद्या ड्रायव्हरची किंवा डिलिव्हरीची नोकरी करायची आहे, त्याची पाच-सात वर्षे अशी जातात.

६) मग हौस करायचीच नाही का?

करा की! हौसेला मोल नाही. कंपनीचाच सायलेन्सर ठेवून तो चकचकीत ठेवता येतो. आपल्याकडच्या पावसात क्रोमला गंज लवकर चढतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते. गाडी गावातल्या गावात थोडीच चालवली तर ती नळीतच थंड होऊन पाणी साचते आणि आतून गंज लागतो. म्हणून चिखल वेळेवर धुणे, नळी पुसून कोरडी ठेवणे, अधूनमधून गाडी पुरेशी तापेपर्यंत चालवणे, हे खरे काम. बदलायचाच असेल तर कंपनीचा मान्यताप्राप्त भाग घ्यावा आणि बिल जपून ठेवावे.

वर्गासाठी उपक्रम

• मोबाइलवर आवाज मोजणारे ॲप घेऊन रिकामा वर्ग, परिपाठ आणि रस्त्यावरून गाडी जातानाचा वर्ग, अशी तीन मोजमापे घ्या. आकडे ढोबळ असतात, पण तुलना नीट होते.
• इंजिनाचे फेरे १२००, २४०० आणि ४८०० धरून एका सिलिंडरचे सेकंदाला ठोके काढा. उत्तरे: १०, २०, ४०. सुटे ठोके कुठपर्यंत ऐकू येतील?
• फुगा एकदा तसाच आणि एकदा कापूस भरलेल्या खोक्यात फोडा. फरक का पडला, हे मुलांना स्वतःच्या शब्दांत लिहू द्या.
• पालक सभेत हीच मोजमापे मुलांकडून वाचून घ्या. आपल्या लेकराने मोजलेला आकडा पालक सहसा विसरत नाहीत.