ऱ्होड आयलंडच्या मातीत येमेनचं नाणं

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर ऱ्होड आयलंड नावाचं चिमुकलं राज्य आहे. तिथल्या मिडलटाउन गावातल्या एका फळबागेत २०१४ साली जिम बेली या हौशी इतिहास-अभ्यासकाला मेटल डिटेक्टरच्या मदतीने एक काळपट, बारीकसं नाणं मिळालं. त्याच बागेत त्यांना आधी अठराव्या शतकातलं बुटाचं बक्कल आणि बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या सापडल्या होत्या. त्यामुळे हे नाणंही स्पॅनिश किंवा मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीतलं असावं, असं त्यांना वाटलं. पण त्यावर अरबी अक्षरं निघाली. ते १६९३ साली येमेनमध्ये पाडलेलं चांदीचं नाणं होतं.

येमेनचं नाणं तिथवर पोचलं कसं, याचं बेलींनी दिलेलं उत्तर थेट आपल्या इतिहासात येऊन धडकतं. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून यात्रेकरू घेऊन सुरतेला परतणारं ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज लुटलं. जहाज औरंगजेबाचं होतं आणि बादशहा त्या वेळी मराठ्यांशी लढत भीमाकाठी ब्रह्मपुरीला छावणी टाकून बसला होता. बादशाही रोषापायी सुरतेतल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांना कैद झाली, एव्हरीच्या डोक्यावर इनाम लागलं आणि तो मात्र कायमचा गायब झाला. त्याची टोळी लुटीसह अमेरिकन वसाहतींत उतरली आणि हे नाणं त्या लुटीतलं आहे, असा बेलींचा तर्क आहे. त्याच काळातली डझनाहून अधिक अरबी नाणी न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या याच ईशान्य भागात, इतरांनाही मिळाली आहेत. तांबड्या समुद्रात लूटमार करणारे दुसरे चाचेही ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्ट बंदराशी संबंध ठेवून होते, म्हणून एका नाण्यावरून एव्हरीचंच नाव घ्यायला मी धजणार नाही. पण सुरत-मक्का वाटेवरचा पैसा अटलांटिकपार पोचला होता, एवढं नक्की.

आता हे सगळं जे यंत्र शोधतं, ते करतं काय? त्याला नाणं ओळखता येत नाही. जुनं-नवं कळत नाही. त्याला एवढंच कळतं की खाली वीज वाहून नेणारं काहीतरी आहे.

दांड्याच्या टोकाला जी चपटी तबकडी असते, तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यातून उलटसुलट वाहणारा विद्युतप्रवाह सोडतात. छंदासाठीच्या नेहमीच्या यंत्रांत तो सेकंदाला काही हजार ते काही दहा हजार वेळा दिशा बदलतो. त्यामुळे भोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. दुसरं वेटोळं ऐकण्याचं काम करतं. ते अशा बेताने बसवलेलं असतं की पहिल्याचा थेट परिणाम त्याच्यावर जवळपास शून्य व्हावा. जमिनीत धातू नसेल तर ते गप्प राहतं. नाणं असेल तर त्या बदलत्या क्षेत्रामुळे नाण्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात, त्यांचं स्वतःचं एक क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि शांतता मोडते. यंत्र वाजतं ते यामुळे.

खरी गंमत पुढे आहे. हा प्रतिसाद मूळ क्षेत्राच्या किंचित मागे पडतो आणि किती मागे पडेल, ते धातूवर आणि वस्तूच्या आकारावर ठरतं. देवळातली घंटा एका टोल्यावर बराच वेळ घुमत राहते, मडक्यावर टिचकी मारली तर आवाज तिथल्या तिथे विरतो. चांदी किंवा तांब्याचं जाड नाणं घंटेसारखं असतं, चॉकलेटची चांदी मडक्यासारखी. हा मागे पडण्याचा फरक मोजून यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवतं आणि त्यानुसार सूर बदलतं. बऱ्याच यंत्रांत आकडे ० ते ९९ असतात. लोखंड खाली, घोगऱ्या सुरात. चांदी वर, स्वच्छ, उंच सुरात. मधला पट्टा मात्र फसवा. सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्यावरची ॲल्युमिनियमची कडी तिथे शेजारी-शेजारी बसतात. कडी नको म्हणून तो पट्टा बंद केला, तर अंगठीही गेली. अजून तरी कोणत्याही कंपनीला यावर पुरता तोडगा सापडलेला नाही.

खोलीबद्दल जाहिराती वाटेल ते सांगतात. चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने क्षीण होतं, आणि इथे ते नाण्यापर्यंत जाताना एकदा आणि परत येताना पुन्हा क्षीण होतं. तबकडीपासून जरा दूरच्या वस्तूबाबत अंतर दुप्पट झालं की परतणारा सिग्नल सुमारे चौसष्टपटीने घटतो. म्हणून लहान नाणं वीस-पंचवीस सेंटिमीटरवर मिळालं तर यंत्र उत्तम समजायचं. वीस-तीस फुटांवरचं गुप्तधन दाखवणारं हातातलं यंत्र कुणी विकायला आलं, तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

या यंत्राचा एक पूर्वज रुग्णाच्या खाटेपाशी वापरला गेला होता. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. शरीरात रुतलेली गोळी शोधायला टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असंच वेटोळ्यांचं उपकरण बनवलं. गोळी मिळाली नाही. गादीतल्या पोलादी तारांनी घोटाळा केला, आणि डॉक्टरांनी शरीराच्या एकाच बाजूला शोधू दिलं. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या युझेफ कोसात्स्की यांनी भूसुरुंग शोधण्यासाठी केलेला डिटेक्टर १९४२ मध्ये अल अलामेनच्या वाळवंटात कामाला आला.

योगायोगाने १८८१ सालीच डार्विन यांचं गांडुळांवरचं पुस्तक निघालं. गांडुळं खालची माती वर आणून टाकत राहतात आणि वर पडलेली वस्तू वर्षानुवर्षं हळूहळू खाली जाते, हे त्यांनी त्यात दाखवलं. खिशातून पडलेलं नाणं कुणी न पुरता पुरलं जातं, त्यामागे बरीचशी या गांडुळांचीच मेहनत आहे.

पण नाणं कुठे पडलं असेल, हे यंत्र सांगत नाही. या छंदातले जाणते लोक शेतापेक्षा नकाशांपुढे जास्त बसतात. न्यू इंग्लंडमध्ये त्याला एक खास कारण आहे. तिथे वसाहतकारांनी जंगल तोडून शेतं केली, दगड उचलून बांध घातले. एकोणिसाव्या शतकात लोक पश्चिमेकडच्या सुपीक जमिनींकडे आणि गिरण्यांच्या गावांकडे निघून गेले, शेतं ओस पडली, जंगल परत आलं. आज दाट झाडीत मैलोन्‌मैल दगडी बांध दिसतात आणि मध्येच एक चौकोनी, दगडांनी बांधलेला खड्डा लागतो. ते कुणाच्या तरी घराचं तळघर असतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर छापलेल्या तिथल्या नकाशांत घराच्या टिंबाशेजारी घरमालकाचं नावही असतं. हल्ली विमानातून लेझर सोडून केलेली मोजणीही हाताशी आहे. तिच्यात झाडी वजा करून जमिनीचा नुसता आकार दिसतो, बांध आणि खड्डे उघडे पडतात. हे दोन्ही एकमेकांवर ठेवले की घर कुठे, विहीर कुठे, रस्ता कुठून होता, ते कळतं. नाणी बहुधा माणसांच्या वावराच्या जागी मिळतात. दारापुढचं अंगण, रस्त्याकडची फाटकाची जागा, जुनं मोठं झाड.

जागा मिळाली, मालकाची परवानगी मिळाली, की तबकडी जमिनीला जवळजवळ टेकवून, समांतर ठेवून, हळू फिरवायची. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढला पाहिजे. सुरुवातीला माणूस कोयता चालवल्यासारखा हात उडवतो आणि दोन्ही टोकांना तबकडी हवेत जाते, तेवढी जमीन हातची गेली. सूर लागला की त्याच जागी काटकोनात फिरून पुन्हा ऐकायचं. दोन्हीकडून तोच सूर, तोच आकडा आला तर खणायचं. एका बाजूने गोड आणि दुसरीकडून तुटक आला, तर बहुतेक वाकडा खिळा. बहुतेकच, कारण खिळ्याशेजारी नाणं दडलेलं असलं तरी आवाज असाच तुटक येतो.

गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापून चौथ्या बाजूवर झाकणासारखा उलटायचा, माती फडक्यावर काढायची, हातातल्या लहान शोधकाने नेमकी जागा टिपायची आणि शेवटी सगळं होतं तसं बुजवायचं. खड्डे उघडे टाकून जाणाऱ्याला मालक पुन्हा पाय ठेवू देत नाही.

हाती काय येतं? नाण्यांपेक्षा बटणं कितीतरी जास्त. त्या काळच्या एका पुरुषाच्या कोट-जाकिटावरच डझनावारी बटणं असत. बुटांची बक्कलं, अंगुस्तानं, घोड्याच्या साजाचे घुंगूर, कथलाचे चमचे येतात. नाण्यांत इंग्लंडच्या जॉर्ज राजांचे झिजलेले तांब्याचे अर्धे पेन्स असतात. स्पॅनिश चांदीचे रियालही असतात. ते तर अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होते. बॉस्टनमध्ये जॉन हल याने पाडलेला ‘पाइन वृक्षा’चा शिलिंग मिळाला तर आनंदाला पारावार नाही. मात्र त्यावरच्या १६५२ या सालावर भिस्त ठेवू नये. नाणी सुमारे १६८२ पर्यंत पाडली गेली, साल तेच राहिलं.

सगळ्यात कमी मान मिळतो तो शिशाच्या गोळ्यांना, आणि इतिहासाला सगळ्यात जास्त उपयोगी पडल्या त्याच. न्यू जर्सीत मॉनमथ इथे २८ जून १७७८ रोजी वॉशिंग्टनच्या सैन्याची ब्रिटिशांशी लढाई झाली. त्या रणांगणावर डॅनियल सिव्हिलिच आणि त्यांच्या स्वयंसेवकांनी पुरातत्त्वाच्या शिस्तीने डिटेक्टर चालवले आणि प्रत्येक गोळी कुठे मिळाली ते नोंदवलं. आदळून चपटी झालेली गोळी मोजायची कशी? त्यांनी वजनाची वाट धरली. ग्रॅममधल्या वजनाचं घनमूळ काढून ०.२२३२ ने गुणलं की मूळ व्यास इंचांत मिळतो. २९ ग्रॅमची गोळी सुमारे ०.६९ इंचाची, म्हणजे ब्रिटिश धाटणीच्या बंदुकीची. २३ ग्रॅमची ०.६३ इंचाची, म्हणजे फ्रेंच. अमेरिकनांकडे दोन्ही जातींच्या बंदुका असल्याने एका गोळीवरून काही सिद्ध होत नाही. पण शेकडो गोळ्या नकाशावर मांडल्या, न झाडता हातून पडलेल्या एकीकडे आणि आदळून चपट्या झालेल्या दुसरीकडे, की सैन्याच्या रांगा कुठे होत्या ते दिसू लागतं. याच गोळ्या कुणी जागा न लिहिता बरणीत भरून नेल्या असत्या, तर ते नुसतं शिसं उरलं असतं.

अमेरिकेत खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर हा छंद चालतो. संघराज्याच्या जमिनीवर १९७९ च्या कायद्याने शंभर वर्षांवरच्या पुरावशेषांना विनापरवाना हात लावणं गुन्हा आहे आणि राष्ट्रीय उद्यानांत यंत्र वापरायलाच बंदी आहे.

आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट आल्यानंतर बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री विजेऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन मोगलांचं सोनं खणायला लोटले. आपल्या गडकिल्ल्यांवरही गुप्तधनाच्या नादाने खोदलेले खड्डे दिसतात. संरक्षित स्मारकात विनापरवाना खोदणं गुन्हा आहे. शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना आपसूक काही मिळालं, तर १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कुणी मालक निघाला नाही, तर वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि उरलेलं जमीनमालकाला मिळू शकतं. सरकार ते घेणार असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जादा देऊन घेतं. लपवलं तर हिस्साही जातो आणि तुरुंगवासही होऊ शकतो.

तेव्हा नांगराच्या फाळाला नाणं लागलं, तर चिंच-लिंबू किंवा पितांबरी लावून ते चकचकीत करू नका. घासल्याने अक्षरं जातात आणि अक्षरं गेली की नाण्याची ओळख जाते. होतं तसं कागदात ठेवा, बांधापासूनचं अंतर आणि खोली लिहून घ्या, जमल्यास जागेचा फोटो काढा, आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी कळवून पोच घ्या.