‘मी येते’ म्हणणारे लेकरू

मराठी व्याकरणात तीन लिंगे आहेत, हे आम्ही गेली कित्येक वर्षे मुलांना शिकवीत आलो आहोत. तो मुलगा, ती मुलगी, ते मूल. ‘मूल’ हा शब्द नपुंसकलिंगी. आणि आमच्या बीदर-कलबुर्गीकडे त्याहून अधिक मायेचा जो ‘लेकरू’ हा शब्द आहे, तोही नपुंसकलिंगीच. घरात लेकरू जन्मले की काही काळ ते ‘ते’ असते. पुढे चालूबोलू लागले की आपण त्याला ‘तो’ किंवा ‘ती’ करतो, आणि त्याबरोबर कामे, खेळ, हसणे, रडणे, सारेच वाटून देतो. ही वाटणी व्याकरणातल्याइतकी साधी नाही, हे आम्हांस फार उशिरा कळले. ते कसे कळले, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमचा मुलूख वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल. १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हा भाग मुंबई राज्यात गेला. आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिला. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदकडेही मराठी घरे पुष्कळ. आमच्या मुलांची घरची भाषा मराठी, कचेरीची कन्नड, बाजाराची दखनी उर्दू आणि तांड्यावरच्या मुलांची लंबाणी. एका वर्गात इतक्या भाषा नांदतात, त्याअर्थी येथे वेगळेपण सहज खपत असेल, असे कोणास वाटेल. आमचाही तसाच समज होता.

गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. त्या वेळी आम्ही मुख्याध्यापक झालो नव्हतो; एका खेड्यातील सरकारी शाळेत सातवीचा वर्ग आमच्याकडे होता. वर्गात एक मुलगा होता. चार बहिणींच्या पाठीवर झालेला, अक्षर मोत्यासारखे, कविता तोंडपाठ. तो कबड्डीत रमत नसे. मधल्या सुट्टीत मुलींच्या घोळक्यात बसून सागरगोटे खेळे. बोलण्याच्या ओघात ‘मी येते’, ‘मी लिहिते’ असे त्याच्या तोंडून निघून जाई. बहिणींची भाषा धाकट्या भावाच्या जिभेवर बसावी, यात नवल काहीच नाही. कोल्हापूरकडे तर मुली ‘मी जातो’ असे म्हणतात आणि तेथे कोणी हसत नाही. आमच्या वर्गात मात्र हशा पिकू लागला, आणि मुलांनी त्याला एक नाव ठेवले. ते येथे लिहिण्याचे कारण नाही. तसले नाव प्रत्येक गावाच्या बोलीत असते.

काही दिवसांनी आमच्या ध्यानात आले की हा मुलगा मराठीच्या तासालाही कन्नडात उत्तर देतो. ‘नानु बरुत्तेने’, ‘नानु ओदुत्तेने’. मराठीची ही हेळसांड आहे असे समजून आम्ही त्याला रागे भरलो. कन्नडात ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ यांना एकच रूप आहे, बोलणारा पुरुष की स्त्री हे तेथे क्रियापद सांगत नाही, हे आम्हांस ठाऊक होते. परंतु ते लेकरू त्या भाषेच्या आडोशाला जाऊन उभे राहिले आहे, हे मराठीचे एम. ए. झालेल्या आम्हांस उमगले नाही.

पुढे आम्ही जे केले, ते आजही आठवले की मान खाली जाते. आम्ही त्याच्या वडिलांस शाळेत बोलावून घेतले आणि इतर शिक्षकांदेखत म्हणालो, “मुलाकडे लक्ष द्या. त्याला जरा पुरुषासारखे वागायला शिकवा.” त्या गृहस्थाने एक शब्द काढला नाही. रात्री घरात काय झाले असेल, ते दुसऱ्या दिवशी मुलाच्या पाठीवर दिसले. पंधरवड्यात तो शाळेत येईनासा झाला. कोणा नातेवाइकाबरोबर त्याला पुण्याकडे कामाला धाडल्याचे कळले. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे तांबड्या शाईची रेघ ओढली, तीही आम्हीच.

पालकांशी बोलणे आणि पालकांकडे तक्रार करणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हा धडा आम्ही त्या रेघेपासून शिकलो. शाळा घराशी बोलते ती बहुधा तक्रारीसाठी. बोलावून आणलेला पालक आरोपीसारखा उभा राहतो आणि त्या अपमानाची भरपाई घरी जाऊन मुलाकडून करून घेतो. तोच पालक आपल्या ओसरीवर बसलेला असला की यजमान असतो; तो चहा ठेवावयास सांगतो आणि मन मोकळे करतो. म्हणून पुढे आम्ही बोलावणे पाठविण्याचे सोडून दिले आणि तुरीची रास झाली की संध्याकाळी आपणच घरोघर जाऊ लागलो.

एका घरी सातवी झालेल्या हुशार मुलीचे शिक्षण थांबणार होते. वडील म्हणाले, “गुरुजी, पोरगी शानी हाय, मला ठावं हाय. पन हायस्कूल दुसऱ्या गावी. रस्त्यात कायी झालं तर लोकं मलाच इचारतील.” पूर्वीचे आम्ही असतो तर स्त्रीशिक्षणावर व्याख्यान झोडले असते. या वेळी एवढेच विचारले, की भीती नेमकी कशाची? तासाभराने ध्यानात आले की त्यांचा विरोध शिक्षणाला नव्हताच. एकटीने जाण्याची धास्ती होती, बसचा भरवसा नव्हता, आणि बिरादरीच्या जिभेचे भय होते. मग त्याच वाटेने जाणाऱ्या आणखी दोन मुलींच्या घरी आम्ही गेलो आणि तिघींची सोबत जुळवून दिली. शेवटचा शब्द मात्र आजीचा होता. इतका वेळ वाती वळीत बसलेली ती माउली म्हणाली, “मला शाळेत घालावं का, हे कुनी इचारलंच न्हवतं. हिला तर इचारा!” तोवर त्या मुलीला कोणीच, आम्हीही, काही विचारले नव्हते. मुलगी हायस्कुलात गेली. आज ११ जून २०२३ पासूनच्या ‘शक्ती’ योजनेमुळे राज्यातील स्त्रियांना सरकारी बसने साधा प्रवास विनामूल्य झाला आहे. त्यामुळे भाड्याची सबब सरली. बिरादरीच्या जिभेवर अजून योजना निघालेली नाही. तेथे बोलणेच उपयोगी पडते.

घरांना प्रश्न विचारू लागल्यावर घरेही आम्हांस प्रश्न विचारू लागली. एका आईने विचारले, “तुम्ही समानता सांगता, मग शाळेत झाडू पोरींच्याच हाती का?” खरेच होते. वर्ग झाडणे आणि रांगोळी मुलींकडे. घंटा आणि खुर्च्या हलविणे मुलांकडे, अशी वाटणी आम्हीच चालवीत आलो होतो. पाळीपत्रक बदलले, तर दुसऱ्या दिवशी एक आजोबा काठी टेकीत आले. नातवाच्या हाती झाडू दिल्याचा त्यांना राग आला होता. आम्ही त्यांस वर्गात नेऊन बसविले. नातू झाडत होता आणि गुणगुणतही होता. आजोबा बराच वेळ पाहत राहिले, आणि जाताना म्हणाले, “कोपरं ऱ्हायलेत, ते बी झाड म्हनावं.” शेजारच्या महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आईवडील दोघे मिळून भाजी निवडताना दाखविले, तेव्हा त्या एका चित्राची केवढी चर्चा झाली! परंतु मुलाला चित्रापेक्षा घरातला बाप अधिक शिकवितो.

दुसरी चूक हळदीकुंकवाची. मातांनी शाळेत यावे म्हणून आम्ही संक्रांतीनंतर हळदीकुंकू ठेवीत असू, आणि गर्दी पाहून समाधान मानीत असू. एका वर्षी चौथीतील मुलीने विचारले, “सर, माझी माय का येत न्हाई?” तिचे वडील वारले होते. जिला एकटीने लेकरे वाढवावयाची आहेत, शाळेचा आधार जिला सर्वांहून अधिक हवा, तिलाच आमच्या निमंत्रणाने दाराबाहेर ठेवले होते. पुढील वर्षापासून तो ‘तिळगुळाचा मेळावा’ झाला. काही सुवासिनींनी कुरकुर केली. त्यांच्याशी आम्ही नव्हे, आमच्या शाळेतील वडीलधाऱ्या बाई घरी जाऊन बोलल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने तो साऱ्या ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला, हे वाचून आमच्या मेळाव्यातील माता पुष्कळ वेळ बोलत होत्या. परप्रांतातील मराठी मंडळांत हळदीकुंकू आजही हौसेने होते. त्या याद्यांत कोणाची नावे गळतात, हे आमच्या भगिनींनी एकदा पाहावे.

‘हे नवे खूळ कोठून आणले?’ असा प्रश्न हटकून येतो. त्याचे उत्तर आमच्या मातीतच आहे. बाराव्या शतकात याच कल्याणात महात्मा बसवेश्वरांच्या अनुभवमंटपात सर्व जातींचे स्त्रीपुरुष एकत्र बसत. अक्कमहादेवी तेथे आली, तेव्हा अल्लमप्रभूंनी तिला कठोर प्रश्न विचारले, तिने निर्भयपणे उत्तरे दिली आणि शरणांनी तिला मान दिला, अशी कथा ‘शून्यसंपादने’ या ग्रंथात आहे. मोठ्या मुली महिन्यातून चार दिवस गैरहजर राहतात, तो विषय आमच्या शाळेतील बाईंनी मातांपुढे काढला, तेव्हा त्यांनी श्रीचक्रधरस्वामींची आठवण दिली. तेराव्या शतकात स्वामींनी विटाळाची कल्पना नाकारली आणि शरीराच्या इतर स्रावांसारखाच हाही एक, असे आपल्या शिष्यांस समजावले. “देवमानसं सांगून गेली, मग आमीच का धरून बसलाव?” असे एक आजी म्हणाल्या. सगळ्यांना पटले असे नाही. परंतु विषय कुजबुजीतून बाहेर आला, हेही थोडे नव्हे.

कायद्याचाही आधार आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळेच्या समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात. आमच्याकडील एस.डी.एम.सी.च्या बैठकीत पूर्वी स्त्रियांच्या सह्या घरी जाऊन आणल्या जात. आता बैठकीची वेळ बिसी ऊट शिजविणाऱ्या आणि शेतावर जाणाऱ्या मातांना विचारून ठरते, एवढ्यानेच बोलणाऱ्यांची संख्या वाढली. तृतीयपंथीयांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये, आपली ओळख काय हे सांगण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, असा निर्णय दिला. २०१९ साली कायदा झाला, त्यात शिक्षणात भेदभाव करण्यास मनाई आहे. आणि २०२१ साली कर्नाटकाने सरकारी नोकऱ्यांत त्यांना एक टक्का आरक्षण दिले. त्याच वर्षी जोगती नृत्यातील मंजम्मा जोगती यांना राष्ट्रपतींच्या हस्ते पद्मश्री मिळाली. तारुण्यात घर सुटलेल्या या कलावतीचे छायाचित्र आम्ही शाळेच्या फलकावर लावले आहे. एका पालकांनी विचारले, “हे कशाला?” आम्ही म्हणालो, “घराने दार लावून घेतले तरी गुण मरत नाही, हे मुलांना कळावे म्हणून. आणि दार लावू नये, हे आपल्याला कळावे म्हणून.”

वाचकहो, सर्वत्र यश आले असे आम्ही म्हणत नाही. काही ओसऱ्यांवर चहा मिळाला, होकार मिळाला नाही. एका मुलीचे लग्न अठराच्या आत ठरले, तेव्हा गोड बोलून भागले नाही. १०९८ या क्रमांकावर कळवावे लागले आणि ते घर आमच्याशी पुढे बोलेनासे झाले. लेकराच्या अंगावर हात पडत असेल, त्याचे आयुष्य कोणी परस्पर विकत असेल, तेथे संवादाची मर्यादा संपते आणि कर्तव्य सुरू होते. परंतु तसे प्रसंग थोडे. बहुसंख्य घरे दुष्ट नसतात, भ्यालेली असतात. आणि भ्यालेल्या माणसास आधी कोणी तरी ऐकून घ्यावे लागते.

शेवटी पुन्हा त्या लेकराविषयी. तो मुलगा केवळ हळवा होता, की त्याचे मन काही निराळेच सांगत होते, हे आम्हांस ठाऊक नाही. आणि ते ठरविणे आमचे कामही नव्हते. त्याला सातवी पुरी करू देणे, हे आमचे काम होते. चार-पाच वर्षांपूर्वी भालकीच्या बसस्थानकावर त्याची आई भेटली. आम्ही ओळखले, तिनेही ओळखले. काय बोलावे सुचेना. आम्ही म्हणालो, “आक्का, तेव्हा आमचे चुकले.” ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “शिलाईचं दुकान हाय पुन्याला. बरं हाय लेकरू माझं.”

तिशीच्या आसपासच्या त्या माणसाला आई अजून ‘लेकरू’ म्हणत होती. बस आली, ती चढून गेली. शाळेत परत आल्यावर आम्ही सातवीचा हजेरीपट उघडला आणि ज्यांच्या नावापुढे सलग तीन दिवस रिकामे होते, त्यांच्या घरांची यादी काढली. त्या संध्याकाळी पहिल्या घरी जाऊन आलो.