गेलेली पत पुन्हा कशी मिळवावी?

भीमाकाठच्या अफजलपूर तालुक्यात तूर व ऊस मोठ्या प्रमाणात पिकतो. ऑक्टोबर २०२० च्या महापुरासारख्या आपत्तीत पीक गेले, की बँकेचे कर्ज थकते. क्वचित हयगयीनेही थकते. ही थकबाकी पतमाहिती कंपन्यांच्या दप्तरी नोंदली जाते, ३०० ते ९०० या मापातील पतगुणांक घसरतो आणि कर्जदारास पुन्हा सावकाराचे दार दिसू लागते. तथापि गेलेली पत परत मिळविता येते.

प्रथम आपला पतअहवाल मागवावा. देशातील चारही कंपन्या तो वर्षातून एकदा विनामूल्य देतात. त्यात चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी. तिचे ३० दिवसांत निवारण न झाल्यास दररोज १०० रुपये भरपाईची तरतूद २०२४ पासून लागू आहे.

खरी थकबाकी मात्र फेडूनच मिटवावी लागते. एकरकमी तडजोडीने कर्जातून सुटका होते. परंतु अहवालात पूर्ण फेडीऐवजी तडजोडीचीच नोंद राहते. म्हणून शक्य असल्यास संपूर्ण रक्कम भरून बेबाकी दाखला घ्यावा. पुढे लहान कर्ज घेऊन ते मुदतीत फेडीत जावे. पैसे घेऊन नोंद पुसून देण्याची हमी देणाऱ्या मध्यस्थांपासून शेतकरी बंधूंनी सावध राहावे. खरी नोंद पुसता येत नाही. नियमित फेडीच्या नव्या नोंदींनी तिचा भार हळूहळू कमी होतो.