पोतंभर धान्य की विहीरभर पाणी?

चर्च म्हटलं की आपल्याला ख्रिसमस केक आणि कॅरल्स आठवतात. मराठवाडा आणि नगरच्या दुष्काळी पट्ट्यात मात्र चर्चची ओळख जमीन, दवाखाना आणि पाणी अशीही आहे!

मंठा माहितीये? जालन्याहून जिंतूरला निघालात की वाटेत लागतो. कापूस, तूर, सोयाबीन, बरंचसं पावसाच्या भरवशावर. पाऊस रुसला की माणसं कामासाठी गाव सोडतात. अशा मुलखात 'गरजूंना मदत' म्हणजे नक्की काय? ब्लँकेट्स वाटून फोटो झकास येतात. पण पुढच्या मे महिन्यात काय?

बेथेलची गोष्ट
हा प्रश्न जालन्यात दीडशे वर्षांपूर्वीच एकाला पडला होता. नारायण शेषाद्री. जन्मानं ब्राह्मण, 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे स्कॉटिश मिशनचे पाळक म्हणून जालन्यात आले. त्यांच्या चर्चमध्ये आले ते मुख्यतः मांग आणि महार समाजातले लोक. गावात त्यांना ना जमीन, ना पाणवठा. मग शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ 'बेथेल' नावाचं गावच वसवलं.

धर्मप्रसार हा त्यांचा उघड हेतू होता. मदतीच्या बदल्यात धर्म, हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. तो टाळून पुढे जाता येत नाही. पण मदत सगळ्यांसाठी खुली असली तर काय होतं, हे बघायला बीडपलीकडे, नगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यात जावं लागेल.

डॉक्टर, आधी पाणी!
1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. लोकांना औषधांआधी पाणी आणि अन्न हवं होतं. मग सुरुवात तिथूनच! पुढे त्यांनी गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांत दलित बायकाही होत्या. ज्या घरात एरवी प्रवेश नसायचा, तिथेच त्यांना बाळंतपणाला बोलावणं येऊ लागलं. 1979 मध्ये या जोडप्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जागतिक चर्च परिषदेच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशननं हे मॉडेल जगापुढे नेलं.

बाखर बाबांचा फंडा
स्वित्झर्लंडहून 1948 मध्ये आलेले जेसुइट फादर हर्मन बाखर यांनी 1966 मध्ये नगरला सोशल सेंटर सुरू केलं. त्यांचा हिशेब सरळ होता: डोंगरावर पडलेलं पाणी डोंगरातच मुरवा. पण आयतं काही नाही! गावानं श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, निर्णयही गावानंच घ्यायचे. त्यातूनच इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला, 1993 मध्ये 'वॉटर' ही संस्था निघाली आणि तिचं काम जालना जिल्ह्यातल्या भोकरदन-जाफराबाद भागातही पोचलं. बाबा 2021 मध्ये गेले. बांध मात्र गावाच्या मालकीचे आहेत.

लौकीचा लिलाव
प्रत्येक चर्चकडे जर्मन निधी नसतो. मराठी चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या सणाला लोक घरचं धान्य, भाजी, कोंबडी आणतात. तिथेच लिलाव होतो. एखादी लौकी बाजारभावाच्या कितीतरी पट चढते, कारण घेणाऱ्याला ठाऊक असतं, पैसा घरच्याच कामाला जाणार. थोडक्यात, क्राउडफंडिंग!

डोनेट करण्याआधी
तुमचं ऑफिसही दिवाळीत सीएसआर ड्राइव्ह काढत असेल. बॉक्स पॅक करण्याआधी तीन प्रश्न विचारा:
• काय हवं, हे त्या लोकांना विचारलंय का?
• मदत घेणाऱ्याला जात, धर्म किंवा मत बदलून परतफेड करावी लागणार का?
• आपण निघून आल्यावर काम कोण चालवणार?

तिन्हींची उत्तरं नीट मिळाली, तर चेक बिनधास्त फाडा. नाही मिळाली, तर आधी एक फोन त्या गावाला लावा.