वास्तुशिल्पकाराचे चित्रदालन

आयुष्याची पुंजी घालून घर बांधू पाहणारा माणूस पूर्वी वास्तुशिल्पकार निवडताना त्याने बांधलेली दोन-चार घरे पाहून येई. आज तो प्रथम मोबाइलवर त्या कचेरीचे संकेतस्थळ उघडतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने असे संकेतस्थळ तयार करून मोठ्या हौसेने मला दाखविले. त्यात चाळीस छायाचित्रे होती; पहिले पुरते उमटेपर्यंत माझा चहा निवला.

दोष चित्रांचा नव्हता, त्यांच्या वजनाचा होता. चांगल्या कॅमेऱ्याचे चित्र ६००० बिंदू रुंद व ४००० बिंदू उंच, म्हणजे २ कोटी ४० लाख बिंदूंचे असते. तेच १६०० बिंदू रुंद केले, तर बिंदूंची संख्या चौदाव्या हिश्शावर येते, कारण घट रुंदीत होते तशी उंचीतही होते. मोबाइलच्या पडद्यावर हा फरक सहसा दिसत नाही. म्हणून प्रत्येक चित्राच्या लहानमोठ्या प्रती ठेवाव्यात आणि पडद्याजोगी प्रत धाडावी. खालची चित्रे वाचक तेथवर पोहोचू लागला म्हणजे मागवावीत. मात्र त्यांची जागा आधीच राखावी, नाहीतर वाचता वाचता मजकूर उडी मारतो.

छायाचित्रांसाठी १९९२ साली प्रमाण ठरलेली जेपेग पद्धत अद्याप उपयोगी आहे. ती चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडते व डोळ्यास न जाणवणारे बारकावे सोडून देते. उजेड-सावलीतील भेद आपल्याला जितका सूक्ष्म कळतो, तितका रंगातील कळत नाही. ही पद्धत त्याचा लाभ घेते. जांभ्याची भिंत किंवा आभाळ यांना ते मानवते. नकाशाला मात्र नाही! काळ्या रेघेभोवती करड्या ठिपक्यांची धूळ जमते आणि मापांचे आकडे वाचवत नाहीत. नकाशे एसव्हीजी पद्धतीने ठेवावेत. तीत बिंदू नसून रेघ कोठून कोठे ओढावयाची याची सूचना असते. त्यामुळे कितीही मोठे केले तरी चित्र फुटत नाही.

आता निवडीविषयी. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांना २०१८ साली प्रिट्झकर पारितोषिक मिळाले. इंदूरची त्यांची अरण्य वसाहत घ्या. तेथे गरीब कुटुंबास जोते व स्वच्छतागृहासारखा गाभा द्यावा, बाकीचे घर त्याने ऐपतीप्रमाणे वाढवावे, ही मूळ कल्पना. एखाद्या रंगीत दर्शनी भागाचे सुरेख छायाचित्र हे काहीच सांगणार नाही. वसाहतीचा आराखडा, गाभ्याचा नकाशा आणि वाढलेली घरे, या क्रमानेच ती कल्पना उलगडते.

चित्राखाली गाव, वर्ष, क्षेत्रफळ द्यावे. अंधांना ऐकता येईल असे वर्णनही जोडावे. संगणकावर रंगविलेली, अद्याप न बांधलेली इमारत असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. याबाबत मी हट्टी आहे. ते चित्र पाहून कोणी भविष्यनिर्वाह निधी काढील.

विद्यार्थ्याने बारा चित्रे ठेवली. एकात तीन पावसाळे झेललेल्या घराच्या भिंतीवर ओल दिसते. ते काढू का, असे त्याने विचारले. मी म्हटले, ठेव, आणि ओल कशी थांबविलीस तेही खाली लिही.