ग्रुप स्टडी की छोटं लेक्चर?

आपल्या हॉस्टेलवरचा ग्रुप स्टडी सगळ्यांना माहीत आहे. एक हुशार बोलतो, चार माना डोलावतात, सहावा चहा आणायला गेलेला. एम-थ्रीची केटी लागली तेव्हा डोलावणाऱ्यांत मी होतो.

दिवाळीत विक्रोळीला घरी हे सांगितलं, तर एमबीबीएसला असलेली मामेबहीण हसली. "दादा, हे तर छोटं लेक्चरच झालं!"

मेडिकलला ही छोट्या गटाची पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ साली रुजवली. आपल्याकडे २०१९ च्या एमबीबीएस नियमांत नुसती लेक्चरं एक तृतीयांशाहून जास्त नकोत, असंच लिहिलं.

गटात सात-आठ जण. समोर केस: पन्नाशीचा माणूस, पायाला सूज, जिना चढताना धाप. पुस्तक बंद. माहीत आहे ते बोलायचं, अडलं की प्रश्न फळ्यावर. सूज पायालाच का? आडवं झाल्यावर धाप का वाढते? मग पांगायचं, वाचायचं, दोन-तीन दिवसांनी परत जमायचं.

खरी मेख पुढे आहे. प्रश्न वाटून घ्यायचे नाहीत! वाटले की आपला तुकडा तेवढा येतो, बाकी ऐकीव. सगळ्यांनी सगळं वाचलं, तरच दुसऱ्याची चूक पकडता येते. सर असतात, पण उत्तर देत नाहीत; फक्त "कशावरून?" विचारतात. (हे सरांनाही जड जातं म्हणे.)

केटीसाठी आम्ही तसंच बसलो. वीस मिनिटं शांतता. मग कोणीतरी विचारलं, लाप्लासमधला 'एस' म्हणजे नक्की काय? आमचा हुशारही गप्प. तो प्रश्न अजून रूमच्या दारावर खडूने लिहिलेला आहे. रेक्टर सर, रविवारी पुसतो.